निळ्या कापडातलं गाठोडं

केनवड, ता. रिसोड
२ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीपास,
सप्रेम जयभीम.

मी फोन घेत नाही म्हणून तू फुगून बसली आहेस, असं शेजारचा संघपाल सांगत होता. अगं, फोन कानाला लावला की मला फक्त माश्या घोंगावतात. कानात मशीन घालायचं नाही, हे मी तुझ्या आईलाही सांगितलं होतं, आणि तिचं ऐकलं नाही तर तुझं काय ऐकणार? जन्मभर पोस्टाच्या नोकरीत लोकांच्या दारात पत्रं टाकली. आता म्हातारपणी चार माझ्याही दारात पडू देत.

तुझ्या तिकडच्या भूकंपाची चित्रं संघपालनं शेजारधर्म म्हणून सगळ्या वस्तीला मोबाईलवर दाखवली. बर्फ, पडलेली घरं आणि तंबूच्या तोंडाशी बसलेली लेकरं. तुझ्या गंगू आत्यानं मोबाईल हातातच धरून ठेवला. म्हणाली, "अव माय, या लेकराइले पांघराले काहीच नाही काय? आन आपली धम्मा तिथं काय करून राह्यली मंग?"

मी तिला समजावलं की धम्मा जगभरच्या मदतीचं सामान उतरवून घेते, गोदाम सांभाळते, कुठं काय पाठवायचं ते ठरवते. तिनं तेवढंच उचललं. म्हणाली, "मंग तं घरचंच मानूस हाय तिथं. आपुन गोधड्या पाठवू."

तेव्हापासून बाई घरात सापडत नाही. वस्तीतली एक बाई सोडली नाही, आणि तिथं भागलं नाही म्हणून वरच्या गल्लीतही गेली. ग्यानबाच्या घरून त्याच्या सुनेनं रुखवतातली कोरी गोधडी काढून दिली. आमच्या विहारात सतरंजी अंथरून बायका धावदोरे घालत बसल्या आहेत, आणि त्यात वरच्या गल्लीतल्याही आहेत. हे दृश्य पाहायला तुझी आई हवी होती. ती जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, पण अशा वेळी वाटतं, आत्ता चहा घेऊन येईल.

मुंबईची एक संस्था असं सामान गोळा करून जहाजानं पाठवते म्हणे. भाऊसिंगचा टेम्पो ठरवला आहे. हे पत्र पोचल्याचं कळव.

तुझा,
बाबा

*

२४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,
सप्रेम जयभीम.

पत्र कालच मिळालं. आमच्या दिल्लीच्या ऑफिसातून टपालाची पिशवी येते, तिच्यातून आलं. तुमचं अक्षर पाहून आधी हसले आणि मजकूर वाचून घाबरले.

बाबा, गोधड्या पाठवू नका. आत्याला वाईट वाटेल, पण मी काय सांगते ते नीट वाचा आणि तिलाही वाचून दाखवा. भूकंप झाल्यावर पहिल्या आठवड्यात इथं काय काय येऊन पडलं, ते पाहिलं असतं तर तुम्ही डोक्याला हात लावला असता. उंच टाचांचे बूट आले. तारीख उलटलेली औषधं आली. इथले लोक ज्या प्राण्याचं मांस तोंडातही घालत नाहीत, त्याचे डबे आले. प्रत्येक देशाला, प्रत्येक संस्थेला, प्रत्येक गावाला वाटतं की आपण काहीतरी पाठवलंच पाहिजे. बंदर एकच आहे. बुटांची खोकी उतरवण्यात क्रेन अडकते आणि मागं तंबूंचं जहाज उभं राहतं. आम्ही याला दुसरी आपत्ती म्हणतो. पहिली जमिनीनं आणलेली, दुसरी माणसांच्या चांगुलपणानं.

इथून तासाभरावरच्या बाजारात ब्लँकेटं मिळतात. ती इथंच घेतली तर इथल्या दुकानदाराची चूल पेटते. हे मी गेली कितीतरी वर्षं प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे. आता माझ्याच गावानं गोधड्या पाठवल्या तर मी कुणाला तोंड दाखवू?

आत्याला सांगा, त्या गोधड्या गावात ज्याला गरज आहे त्याला द्या. आणि तिची पाठ दुखते, तिला इतकं वाकून बसू देऊ नका.

तुमची,
धम्मदीपा

*

केनवड
१६ मार्च २०२५

चि. धम्मदीपास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं, पण वरातीमागून घोडं. टेम्पो गेला त्याला बरेच दिवस झाले. हार घालून निघाला. वस्तीतल्या आणि वरच्या गल्लीतल्या गोधड्या एकीवर एक रचून एकाच टेम्पोत गेल्या. माझ्या लहानपणी आपली सावली त्यांच्या पांघरुणावर पडली असती तर ते धुवायला निघालं असतं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा ग्यानबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मग तूच सांग, तुझं पत्र आधी मिळालं असतं तरी मी काय करणार होतो?

तुझ्या म्हणण्यात चूक आहे असं मी म्हणत नाही. तू शिकलेली आहेस, तुझं ते काम आहे. पण गंगूला मी सगळं वाचून दाखवलं नाही. उंच टाचांच्या बुटांपर्यंत वाचलं. ती इतकी हसली की तिथंच थांबलो.

एक मोठं गाठोडं निळ्या कापडात बांधलं आहे. त्यावर तुझं नाव मीच रंगानं लिहिलंय, मराठीत, ठळक. ते तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय राहणार नाही. बाकी लिहीत नाही. गाठोडं उघडलं म्हणजे पोचलं, असं आम्ही पोस्टातले लोक म्हणायचो.

पोचल्याचं कळव.

तुझा,
बाबा

*

३० मे २०२५

ती. बाबा,
सप्रेम जयभीम.

फार दिवसांनी लिहिते आहे, रागवू नका. इथं मधे भयंकर पाऊस झाला. बंदरावर अर्धं सामान उघड्यावर होतं. ताडपत्र्या कमी पडल्या. धावपळीत जेवायचीही शुद्ध नव्हती.

गोधड्या पोचल्या. आत्याला सांगा. वरच्या डोंगरातल्या तंबूंमध्ये गेल्या. तिथं अजून थंडी आहे. निळ्या गाठोड्यातली एक गोधडी एका म्हातारीला मिळाली. एकटीच असते. गुडघा दुखतो तिचा. तिनं ती गुडघ्यावर घेतली आणि धावदोऱ्यांवरून हात फिरवत बसली.

सगळ्यांना जयभीम सांगा. आता मात्र काही पाठवू नका.

तुमची,
धम्मदीपा

*

केनवड
२२ जून २०२५

चि. धम्मदीपास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी विहारात वाचून दाखवलं. नंतर ग्यानबानं मला वरच्या गल्लीत नेऊन पुन्हा वाचायला लावलं. गंगूनं तर तीनदा वाचून घेतलं, आणि तिसऱ्यांदा डोळे पुसून म्हणाली, "गुडघ्याले एरंडाचं पान बांध म्हना तिले. तेल लावून, गरम करून. मले त्यानंच बरं वाटते."

आता खरी गोष्ट सांगतो. आपल्याकडं लेकीला गाठोडं पाठवायचं तर तिची वस्तू तळाशी ठेवायची आणि ती आहे असं आधी बोलायचं नाही, हे तुला ठाऊक आहे. बोललं की चार वाटेकरी होतात. निळ्या गाठोड्याच्या तळाशी एक गोधडी तुझ्यासाठी होती. तुझ्या आईच्या पांढऱ्या पातळाची. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना नेसायची ते, निळ्या काठाचं. ती गेल्यावर गंगूनं ते कुणाला हात लावू दिलं नव्हतं. थंडीत तू तंबूत राहतेस हे कळलं तेव्हा तिनं आपण होऊन ट्रंकेतून काढलं आणि म्हणाली, "पातळ ट्रंकेत ठेवून काय करू? माय लेकीजवय जाऊ दे."

निळ्या गाठोड्यातल्या एकाच गोधडीबद्दल तू लिहिलंस, म्हणजे तीच असणार, आणि ती तू त्या म्हातारीला दिलीस. गाठोडं सोडल्यावर तुझ्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसणार. काठावरूनच ओळखलं असशील. पत्रात तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. मी गंगूला म्हटलं, पोरीनं आईची गोधडी परक्या म्हातारीच्या गुडघ्यावर घातली आणि बढाईही मारली नाही. धम्मा, तुझं नाव ठेवलं ते सार्थ झालं. मला हे तोंडावर कधी म्हणता आलं नसतं, म्हणून पत्र बरं.

म्हातारीचं नाव काय? गंगू विचारते आहे.

पोचल्याचं कळव.

तुझा,
बाबा

*

१८ ऑगस्ट २०२५

ती. बाबा,
जयभीम.

पत्र मिळालं होतं. कामात होते.

म्हातारीचं नाव आपल्याला उच्चारता येण्यासारखं नाही. गुडघा बरा आहे तिचा. एरंड इथं मिळत नाही.

बाबा, ते पातळ सगळंच्या सगळं गोधडीत गेलं का? एखादा तुकडा उरला आहे का घरी? सहज विचारते.

तुमची,
धम्मदीपा

*

केनवड
५ ऑक्टोबर २०२५

चि. धम्मदीपास,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे जिवंत आहोत, हे आधी लिहितो. संघपालनं निरोप दिलाच असेल.

आपल्या गावाजवळच्या नाल्यात उन्हाळ्यात कुत्रंही भिजत नाही. तो एका रात्रीत वस्तीत शिरला. पिकं आडवी झाली. गंगूची मागची भिंत गेली. तिचं अंथरूण-पांघरूण सगळं चिखलात गेलं. तिला मी माझ्याकडं आणलं आहे. खोकते आहे, पण बोलणं कमी झालेलं नाही.

आणि मग मदत आली. आता तुझं फेब्रुवारीचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं, आणि या वेळी पूर्ण वाचलं. पहिल्या ट्रकमधून जुने कपडे आले. आणणाऱ्यांनी थांबून वाटले नाहीत, फाट्यावर ओतले आणि फोटो काढून निघून गेले. गंगूच्या वाट्याला बिनबाह्यांचा, चमकीचा, लांब झगा आला. ती म्हणाली, "हे घालून मी सोयाबीन सोंगाले जाऊ काय?" सगळे हसले. पण संध्याकाळी ती तोच झगा खांद्यावर घेऊन बसली होती, कारण दुसरं कोरडं काही नव्हतं. नंतर एका परदेशी संस्थेची पांढरी गाडी आली. त्यांनी पाणी शुद्ध करायच्या गोळ्या दिल्या. पाकिटावर इंग्रजी. एकीनं त्या तापावरच्या समजून गिळायला घेतल्या होत्या, संघपालनं हात धरला. आम्हाला हवा होता जनावरांना चारा आणि विहिरीतला गाळ उपसायला पंप. ते कुणी विचारलंच नाही. माणसं वाईट नव्हती गं. एका पोरीनं तर गंगूचा हात धरून डोळ्यांत पाणी आणलं. पण तिनंही विचारलं नाही.

काल फाट्यावर गेलो. तो कपड्यांचा ढीग पावसात भिजून कुजला आहे. त्यावर डुकरं बसली होती. कुणाच्या तरी घरच्या बायकांनी ते धुऊन, घड्या घालून पाठवलं असेल. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो आणि मला आपल्या गोधड्या आठवल्या. तुझ्या मेच्या पत्रातला पाऊसही आठवला.

जन्मभर मी लोकांची पत्रं वाचून दाखवली आहेत, धम्मा. घाईघाईनं लिहिलेलं आणि चुकवून लिहिलेलं, यातला फरक मला कळतो. तेव्हा आनंदात होतो म्हणून कळला नाही.

खरं सांग. गोधड्या पोचल्या का?

तुझा,
बाबा

*

२८ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा,

नाही पोचल्या.

जहाज आलं तेव्हा थंडी सरली होती. कुणी न मागितलेलं सगळं सामान बंदराच्या मागं उघड्यावर रचलं गेलं, त्यात आपल्याही गोधड्या. वर पाऊस झाला. बुरशी धरली. डॉक्टर म्हणाले, हे तंबूत गेलं तर अंगावर खरूज उठेल. औषधांच्या जहाजाला जागा हवी होती. ढीग हलवायचा निर्णय माझ्याकडं आला आणि मी सही केली. खड्डा खणून सगळं पुरलं.

एवढंच असतं तर मी तुम्हाला तेव्हाच लिहिलं असतं. सहीबद्दल मला वाईट वाटत नाही. ती आजही करीन.

मशीन ढीग लोटत होतं तेव्हा मी तिथं उभी होते. निळं गाठोडं वरच होतं. त्यावर माझं नाव होतं, तुमच्या अक्षरात. ‘पा’चा काना नेहमीसारखा खाली लांब ओढलेला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, ही कोणती लिपी? मी म्हणाले, माहीत नाही.

का म्हणाले ते सांगते. जन्मभर मी सगळ्यांना शिकवत आले की आपलं-परकं करायचं नाही, कुणासाठी नियम वाकवायचा नाही. आणि सगळ्यांसमोर माझ्याच गावाचं गाठोडं कचऱ्यात होतं. मला लाज वाटली, बाबा. तुमची लाज वाटली. हात केला असता तर मशीन थांबलं असतं. गाठोडं दोन उन्हांत वाळलं असतं. गोधडी वाळते, हे तिथं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? मी हात केला नाही. मला वाटलं, मी फार नेक वागले.

आई तळाशी होती हे मला तुमच्या जूनच्या पत्रातून कळलं. ते पत्र घेऊन मी त्या जागी गेले. तिथं आता औषधांचं गोदाम उभं आहे. जमीन फरशीची झाली आहे.

म्हातारी नाही. कधीच नव्हती. आत्याला काहीतरी बरं वाटावं म्हणून मी लिहिली, आणि लिहिताना मलाही ती दिसली. तुम्ही फाट्यावर उभं राहून जे पाहिलंत ते माझ्या डोळ्यांसमोर रोज असतं. आमच्या बैठका ज्या भाषेत होतात, ती इथल्या एकाही तंबूत बोलली जात नाही. आम्ही मोरी-संडासाचे पत्रे उभारले ते इतक्या लांब की अंधार पडल्यावर बायका तिकडं जात नाहीत. लोकांना आधी विचारा, असं मी सगळ्यांना सांगत आले. मी तरी कुणाला विचारलं?

गाठोडं उघडलं म्हणजे पोचलं, असं तुम्ही लिहिलं होतंत. मी ते वाक्य वाचून हसले होते.

धम्मदीपा

*

केनवड
१९ नोव्हेंबर २०२५

धम्मदीपास,

राग आला नाही असं लिहायला बसलो होतो. कागद फाडला. आता आपल्यात खोटं नको. राग आला. सहीचा नाही आला. ‘माहीत नाही’ याचा आला. चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो.

नंतर आठवलं की पत्र गंगूला पूर्ण वाचून दाखवायचं मीच टाळलं होतं. तुझी चेतावणी टेम्पो निघायच्या आधी मिळाली असती तरी मी टेम्पो थांबवला नसता, हेही मीच लिहिलंय. हार घातलेला टेम्पो थांबवायला मलाही लाजच वाटली असती. आपण दोघं एकाच घरचे.

तुकडा उरलेला नाही. गंगूनं काठासकट सगळं घातलं होतं. तू सहज विचारलं नव्हतंस, हे आता कळलं.

गंगूला सांगितलेलं नाही. तिचा खोकला उतरत नाही. वाशीमला दाखवून आणलं, छातीत पाणी आहे म्हणाले. घरी आणलं आहे. रोज विचारते, "दादा, धम्माचं पत्र आलं काय? म्हातारी कशी हाये?" आणि मी सांगतो, बरी आहे. काल तर मी सांगून बसलो की म्हातारीला नात झाली. तू जन्माला घातलीस आणि आता मी तिला वाढवतो आहे. मरू तर देता येत नाही.

आणखी एक. परवा उठून बसली आणि म्हणाली, "दादा, आपुन तिले इचारलंच नाही. त्या ट्रकवाल्याइनं आपल्याले इचारलं नाही, तसंच आपुन केलं. तिले गोधडी पायजे होती का दुसरं काही? धम्माले लिव, तिले इचारून घे म्हना."

मी लिहितो म्हटलं आणि लिहिलं. आता तू काय विचारणार आणि कुणाला विचारणार, ते तूच पाहा.

बाबा

*

७ डिसेंबर २०२५

ती. बाबा,
सप्रेम जयभीम.

आत्याचं वाक्य मी इथल्या बैठकीत सांगितलं नाही. तिथं त्याचा फलक झाला असता. मी दुभाषी मुलीला घेतलं आणि वरच्या तंबूंमध्ये गेले. गाडी खाली ठेवली. इतक्या महिन्यांत असं रिकाम्या हातानं मी पहिल्यांदाच गेले.

एक म्हातारी भेटली. एकटीच राहते. बाबा, खरी आहे, आता शंका घेऊ नका. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाली, गुडघे ठणठणीत आहेत, डोंगर चढून दाखवू का? तिला काय हवं ते विचारलं. आधी तिला वाटलं, मी काहीतरी वाटायला आणलं आहे आणि मुद्दाम देत नाही. मग म्हणाली, पांघरुणं आली, भरपूर आली. मोरी जवळ हवी. आणि माझी शेळी कुठं बांधू, ते सांगा. तंबूत शेळी चालत नाही असा तुमचा नियम आहे.

तो नियम आमचा आहे. मला तो ठाऊकही नव्हता. मोरीचे पत्रे पुढच्या आठवड्यात हलतील. शेळीचं भांडते आहे, होईल बहुतेक.

निघताना तिनं विचारलं, तुला कुणी पाठवलं? मी म्हटलं, आत्यानं. मग गोधड्यांचं सगळं सांगितलं, खड्ड्यासकट, आणि आपल्याकडच्या पुराचंही. ती दुभाषीला म्हणाली, हिच्या आत्याच्या घरात पाणी शिरलं म्हणते, मग तिला काय हवं ते हिनं विचारलं का?

नाही विचारलं, बाबा. तुम्हालाही विचारलं नाही. मला तिकीट मिळालं की मी येते आहे. तोवर तिला एवढं विचारा. म्हातारीनं विचारलंय म्हणून सांगा. हे खरं आहे.

तुमची,
धम्मदीपा

*

केनवड
२६ डिसेंबर २०२५

चि. धम्मदीपास,
सप्रेम जयभीम.

पत्र काल आलं. लगेच वाचून दाखवलं. गोधड्यांचा आणि खड्ड्याचा भाग गाळला. जुनी सवय आहे. शेळीचं ऐकून गंगूला फार आनंद झाला. म्हणाली, "म्हंजे संसारी बाई हाये."

मग तुझ्या म्हातारीचा प्रश्न तिला सांगितला, की तुला काय हवं? धम्मा, पूर आल्यापासून किती गाड्या आल्या, किती माणसं आली, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मीही नाही. मी आपला काढा आणतो, गोळी देतो, बदाम आणून ठेवतो.

यंदा थंडी जबर आहे. ग्यानबाच्या सुनेनं दिलेली रजई आहे तिच्या अंगावर, वर माझी शाल आहे. तरी दात वाजतात. रजईचा काठ हातानं चाचपत होती. म्हणाली, "थंडी वाजून राह्यली, दादा. वयनीची गोधडी असती तं बरं झालं असतं."

मी खाली पाहत राहिलो. तिला वाटलं, मी लिहायला लागलो. तर तिनं माझा हात धरला. "नाही, नाही, हे लिवू नोको. देल्ली वस्तू वापस मांगत नसतेत. म्हातारी काय म्हनंन? लिव का गंगूले काहीच नाही पायजे. लिव का मस्त पांघरून निज म्हना, गोधडी ऊबदार हाये, मी सोता शिवली."

जसं बोलली तसं लिहिलं आहे. ती बाजूला बसून माझ्या हाताकडं पाहत होती. वाचता येत नाही, तरी पाहत होती.

तू लवकर ये.

पोचल्याचं कळव.

तुझा,
बाबा